भाचा म्हणतो लिनक्स, सचिव म्हणतात पावती

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

सांगली जिल्ह्यातले एक वाचक, वय ४३. गेली सतरा वर्षं गावोगावच्या दूध संस्थांना संकलनाचं सॉफ्टवेअर लिहून देतात. काटा आणि फॅट मशीन कॉम्प्युटरला जोडायचं, दरपत्रकातून दर काढायचा, पावती छापायची, दर दहा दिवसांनी उत्पादकांची बिलं काढायची. सगळं व्हीबी सिक्समध्ये (व्हिज्युअल बेसिक ६, मायक्रोसॉफ्टची जुनी प्रोग्रामिंग भाषा) लिहिलेलं, डेटा अ‍ॅक्सेसच्या डेटाबेस फायलीत, ग्राहक साठेक संस्था. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला तेव्हापासून सचिवांचे फोन येतायत, 'आता नवीन कॉम्प्युटर घ्यायचा का?' संस्थांतली बहुतेक मशिनं दहा-बारा वर्षांपूर्वीची, त्यांवर विंडोज ११ चढत नाही. पुण्यात नोकरीला असलेला भाचा म्हणतो, 'मामा, विंडोज सोडा, लिनक्स घाला आणि सगळं नव्याने लिहा.' (लिनक्स ही विंडोजच्या जागी बसणारी, मोफत मिळणारी ऑपरेटिंग सिस्टीम.) एक मित्र म्हणतो, आता फक्त अँड्रॉइड. यूट्यूबवर शिकवणाऱ्या प्रत्येकासमोर मॅकबुक दिसतं म्हणून हप्त्यावर मॅकबुक घ्यायचाही विचार आहे. पत्राचा शेवट असा : 'मी कुठली ऑपरेटिंग सिस्टीम वापरावी आणि कुठल्या सिस्टीमसाठी लिहावं ते एकदाचं सांगा. आपण मागे पडलोय असं रोज वाटतं.' खाली सही, 'फॅट-एसएनएफवाला'. (एसएनएफ म्हणजे दुधातला फॅट वगळता उरलेला घन भाग.)

नमस्कार फॅट-एसएनएफवाले,

पत्राच्या शेवटी तुम्ही दोन प्रश्न एका दमात विचारलेत. माझ्या टेबलावर काय असावं, हा एक. दुसऱ्याच्या टेबलासाठी काय लिहावं, हा दुसरा. दोन्हींचं उत्तर एकच असणार असं तुम्ही धरून चाललात, आणि तुमचा भाचाही. मला नेमकं तेच खटकलं. मागे पडल्याबद्दलची ओळ प्रश्न म्हणून आलेली नाही, पण तिच्याकडेही येते. जरा उशिरा.

आधी सचिवांचे फोन, कारण त्यांना काय सांगायचं ते आजच सांगता येईल. १४ ऑक्टोबरला विंडोज १० बंद पडलेलं नाही. मायक्रोसॉफ्टने त्याचे नेहमीचे मोफत सुरक्षा अपडेट थांबवले, इतकंच झालं. तुमच्या संस्थेतलं मशीन सकाळी दोन तास आणि संध्याकाळी दोन तास चालतं, मधल्या वेळात त्यावर टॉवेल पडलेला असतो. जिथे त्या मशीनला नेट नाही आणि बाहेरचा पेन ड्राइव्ह लागत नाही, तिथे घाई नाही. पण जिथे त्याच मशीनवरून उत्पादकांच्या खात्यावर पैसे जातात, सचिवांचं व्हॉट्सअ‍ॅप उघडं असतं आणि दुपारी कुणाचा तरी पोरगा गेम उतरवत बसतो, तिथे थांबू नका. बँकेचं काम आधी दुसऱ्या, अपडेट मिळणाऱ्या मशीनवर हलवा. साठात अशा संस्था किती, ते दिवसभर फोन फिरवलात की कळेल.

घरगुती वापरासाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव अपडेट मिळण्याची सोय आहे. व्यवसायासाठीची योजना वेगळी, आणि ती दर वर्षी महाग होत जाते. शिवाय एक गोष्ट तुम्हालाही ठाऊक आहे आणि मलाही. गावातल्या कितीतरी मशिनींवरचं विंडोज विकत घेतलेलं नाही, दुकानदाराने 'टाकून दिलेलं' आहे. तिथे या योजनांबद्दल बोलण्यातच अर्थ नाही. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा, म्हणजे २०१७ नंतरचा. दुरुस्तीवाला ही अट चुकवून जुन्या मशीनवरही विंडोज ११ बसवून देतो. ते बसतं, चालतंही. पण अशा मशीनला पुढे अपडेट मिळतीलच अशी हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. मग ज्यासाठी उठाठेव केली तेच हातात राहत नाही.

आता तुम्ही पत्रात जे एका शब्दात उरकलंत त्याकडे येते. व्हीबी सिक्स. ते १९९८ सालचं. ज्यात आपण कोड लिहितो त्या व्हीबीच्या संपादकाचा सपोर्ट ८ एप्रिल २००८ ला संपला. मात्र तयार झालेली ईएक्सई (प्रोग्रामची फाइल) ज्यावर चालते तो व्हीबीचा मूळ रनटाइम मायक्रोसॉफ्टने विंडोज ११ मध्येही ठेवलाय. याचा अर्थ नीट लक्षात घ्या. तुमच्या सचिवाने उद्या नवं मशीन घेतलं तर तुमचं सॉफ्टवेअर त्यावर बहुधा चालेल. अडचण तुमची आहे, कारण ज्या हत्यारांनी तुम्ही ते दुरुस्त करता ती सतरा-अठरा वर्षं बेवारस आहेत. विंडोज १० च्या निमित्ताने तुम्ही घाबरलात ते बरं झालं, फक्त घाबरायची जागा थोडी चुकली.

भाच्याचं बोलणं खोटं नाही. तो ज्या जगात काम करतो तिथे लिनक्स हे पाण्यासारखं आहे. सर्व्हर त्यावर, क्लाउड त्यावर. जगातल्या पहिल्या ५०० महासंगणकांच्या यादीत तर नोव्हेंबर २०१७ पासून लिनक्सशिवाय दुसरं काहीच नाही. पण भाच्याच्या सर्व्हरला कुणी काटा जोडत नाही, आणि त्याच्यासमोर सकाळी सहाला कॅन घेऊन माणसं उभी नसतात. त्याने लिहिलेलं काही अडलं तर तो चहा पिऊन येतो. तुमचं अडलं तर रांगेतलं म्हशीचं दूध तापायला लागतं आणि चेअरमनच्या घरी फोन जातो.

मी हे हसत लिहितेय, पण एकेकाळी तुमच्या भाच्यासारखंच बोलणारी मी होते. २००५ साली मला लिनक्सचं वेड लागलं होतं. एका पतसंस्थेचं काम माझ्याकडे होतं, तीन काउंटर. मी सगळं जावा या भाषेत नव्याने लिहिलं आणि एका रविवारी तिन्ही मशिनींवर लिनक्स बसवलं. सोमवारी साडेदहाला मॅनेजरचा फोन. खातेदारांच्या नावांच्या जागी इंग्रजी अक्षरं, कंस आणि टक्क्याची चिन्हं. कारण अगदी साधं होतं : नावं जुन्या मराठी फॉन्टात साठवलेली होती. त्या फॉन्टात 'ग' म्हणजे प्रत्यक्षात कुठलंतरी इंग्रजी अक्षर, वर फक्त देवनागरीचा मुखवटा. विंडोजवर तो मुखवटा होता, माझ्या लिनक्सवर नव्हता. फॉन्ट आणून टाकला, तर टायपिंग होईना, कारण कळफलकाचा प्रोग्राम विंडोजचा. दुपारी पासबुक प्रिंटरने ओळी एकावर एक छापल्या. तीन आठवडे झुंजले आणि मग निमूटपणे जुनं परत बसवलं. लिनक्सची चूक काडीची नव्हती. मला जे आवडत होतं त्यावर मी दुसऱ्यांना बसवलं होतं, तेही त्यांना न विचारता.

हे तुम्हाला सांगायचं कारण असं की तुमच्या डेटातही हाच सुरुंग असणार. व्हीबी सिक्सच्या साध्या टेक्स्टबॉक्सला युनिकोड (जगातल्या प्रत्येक लिपीतल्या अक्षराला ठरलेला क्रमांक देणारी पद्धत) कळत नाही. तेव्हा तुमच्या उत्पादकांची नावं एकतर इंग्रजीत आहेत, नाहीतर कुठल्यातरी जुन्या फॉन्टात. दुसरं असेल तर ती युनिकोडमध्ये आणणं हे पहिलं काम. ऑपरेटिंग सिस्टीम कुठलीही निवडा, हे चुकणार नाही. रूपांतराचे प्रोग्राम मिळतात, पण ते डोळे मिटून चालवू नका. जुन्या फॉन्टात ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते आणि तशीच साठते. युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर येते. रफाराचं बरोबर उलटं. म्हणून यादीतून 'निवृत्ती' आणि 'अर्जुन' ही दोन नावं काढा आणि रूपांतरानंतर ती नीट दिसतात का ते बघा. या दोघांना जमलं तर बाकीचं गाव जमतं. ('दऱ्याप्पा' सापडला तर त्यालाही घ्या. या ऱ्याने भल्याभल्या कन्व्हर्टरांना रडवलंय.)

आता कुठल्या सिस्टीमसाठी लिहायचं. तुमचा प्रोग्राम कागदावर मांडून बघा. एक भाग काटा आणि फॅट मशीनशी बोलतो. एक भाग हिशोब करतो : फॅट, एसएनएफ, दर, लिटर, पशुखाद्याची कपात, उचल. एक भाग स्क्रीन दाखवतो आणि पावती छापतो. यातल्या हिशोबाला ऑपरेटिंग सिस्टीम नावाची गोष्ट जगात आहे हे कळायचंही कारण नाही. ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफच्या गायीच्या दुधाचा दर विंडोजवरही तोच आणि लिनक्सवरही तोच. पण मी पैजेवर सांगते, आज तुमचा तो हिशोब एखाद्या बटणाच्या क्लिकखाली लिहिलेला आहे, आणि त्यातच पोर्ट (काटा आणि फॅट मशीन जोडायची खाच) उघडणं, डेटाबेसमध्ये लिहिणं आणि प्रिंटरला पाठवणंही आहे. आपण सगळ्यांनी तसंच लिहिलं. व्हीबीत बटणावर दोनदा क्लिक केलं की कोड लिहायची जागा उघडायची, आणि आपण तिथेच संसार मांडायचो.

तो हिशोब वेगळा काढा. स्वतंत्र लायब्ररी, जिला फॉर्म नाही, पोर्ट नाही, प्रिंटर नाही. आकडे द्यायचे, आकडे घ्यायचे. एवढं झालं की 'विंडोज की लिनक्स' हा प्रश्न निम्म्याहून लहान होतो.

हा भाग हलवताना एका ठिकाणी थांबा. व्हीबीमध्ये ३१२.५० ला राउंड लावलं तर ३१२ येतात आणि ३१३.५० ला लावलं तर ३१४. अर्ध्यावर आकडा आला की ते जवळच्या सम संख्येकडे जातं. पण त्याच व्हीबीत ३१२.५० फॉरमॅटने छापलं तर ३१३ दिसतात. सी शार्प या मायक्रोसॉफ्टच्याच नव्या भाषेचं राउंड आपणहून व्हीबीसारखं वागतं. जावा आणि जावास्क्रिप्टचं नेहमीचं राउंड ३१३ देतं. तुम्ही कुठे काय वापरलंय ते आधी शोधा. नाहीतर नवीन सॉफ्टवेअरच्या पहिल्याच बिलात दोनशे उत्पादकांपैकी पाच-सात जणांचा रुपया इकडचा तिकडे होईल. रुपयाचं कुणाला काही नाही हो, पण 'कॉम्प्युटर बदलल्यापासून बिल कमी येतंय' हे वाक्य पारावर एकदा बोललं गेलं की ते तुम्ही कसं पुसणार?

पोर्टचं प्रकरण वेगळं. इथे मात्र ऑपरेटिंग सिस्टीम समोर येऊन उभी राहते. नव्या मशिनींना जुना नऊ पिनांचा पोर्ट नसतो, म्हणून तुम्ही यूएसबीचा कन्व्हर्टर लावता. त्यातल्या स्वस्त कन्व्हर्टरांत प्रोलिफिकची जुनी चिप असते, नाहीतर तिची नक्कल. विंडोजच्या नव्या ड्रायव्हरने (उपकरण चालवणाऱ्या प्रोग्रामने) या जुन्या चिप नाकारायला सुरुवात केली, हा अनुभव तुम्ही घेतलेला असणार : पिवळा त्रिकोण, आणि सचिव म्हणणार 'काल चालत होतं'. तोच कन्व्हर्टर लिनक्सला लावला तर बहुधा काही न विचारता चालू होतो, कारण ड्रायव्हर कर्नलमध्येच, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातच आहे. लिनक्सच्या बाजूने खरंखुरं काही असेल तर हे आहे. भाच्याला बहुतेक ठाऊकही नसेल. पण तिथलीही रडगाणी आहेत. पोर्टचं नाव कॉम-तीन ऐवजी टीटीवाय-यूएसबी-शून्य, आणि काटा व फॅट मशीन दोघांना कन्व्हर्टर असतील तर शून्य कोण आणि एक कोण हे आधी कोण जागा झाला यावर ठरतं. त्यासाठी नियम लिहून नावं पक्की करावी लागतात. वापरणाऱ्याला डायलआउट नावाच्या गटात घातलं नाही तर पोर्ट उघडतच नाही. उबुंटू या लिनक्सच्या २२.०४ आवृत्तीत तर सीएच ३४० चिपचा कन्व्हर्टर लावला की तो दिसून लगेच गायब व्हायचा. अंध व्यक्तींच्या ब्रेल फलकासाठीचा एक प्रोग्राम त्याला आपला समजून ताब्यात घ्यायचा. हे मला कळेपर्यंत माझे दोन दिवस गेले होते.

आणि फायलींची नावं. विंडोजला कॅपिटल-स्मॉलचं सोयरसुतक नसतं. लिनक्सवर कॅपिटल आर असलेली 'रेट' आणि स्मॉल आर असलेली 'रेट' या दोन वेगळ्या फायली. सतरा वर्षांत तुम्ही हे नाव किती तऱ्हांनी लिहिलंय कुणास ठाऊक. आत्तापासून सगळं स्मॉलमध्ये लिहायची सवय लावून घ्या. विंडोजवर काही बिघडत नाही.

पावतीला मराठी हवी असेल तर तेही आधीच सांगते. दोन इंची थर्मल प्रिंटरमध्ये सहसा देवनागरी नसते. मजकूर आधी चित्र म्हणून काढायचा आणि ३८४ ठिपके रुंदीचं ते चित्र प्रिंटरला पाठवायचं. हे तुमच्या कोडने स्वतः केलंत तर प्रिंटरचा ड्रायव्हर विंडोजचा की लिनक्सचा हा वाद मिटतो.

भाषा कुठली? माझं मत सी शार्प. व्हीबीवरून येणाऱ्याला त्यातले फॉर्म आणि इव्हेंट ओळखीचे वाटतात, आणि मदतीला एखादा पोरगा घ्यायचा झाला तर जवळच्या कॉलेजात मिळतो. सी शार्पचे प्रोग्राम डॉट नेट नावाच्या पायावर चालतात. हिशोबाची लायब्ररी डॉट नेट स्टँडर्ड २.० मध्ये ठेवा, म्हणजे ती जुन्या फ्रेमवर्क ४.८ मध्येही चालेल आणि नव्या डॉट नेटमध्ये, लिनक्सवरही. स्क्रीनसाठी विंडोज फॉर्म्स वापरलेत तर ते विंडोजपुरतेच, हे मात्र समजून वापरा. एखाद्या संस्थेत अजून विंडोज ७ असेल (असणारच) तर डॉट नेट ८ तिथे चालणार नाही, ४.८ चालेल. अ‍ॅक्सेसच्या जागी एसक्यूलाइट घ्या : एकच फाइल, मोफत, आणि विंडोजवरची उचलून लिनक्सवर ठेवली तर तशीच उघडते. माझं मन खरं तर लॅझारस या प्रोग्राम लिहायच्या साधनात अडकलंय. व्हीबीसारखंच ओढून टाकायचे फॉर्म, जुन्या मशीनवर हलकं, आणि एकाच कोडमधून विंडोजचा व लिनक्सचा दोन्ही प्रोग्राम. पण त्यात पास्कल लिहावी लागते आणि आज पास्कल येणारा पोरगा शोधायचा म्हणजे कठीण. एकट्यानेच सगळं सांभाळायचं असेल तर जरूर बघा.

अँड्रॉइडवाल्या मित्राचं अर्धं बरोबर आहे. उत्पादकाच्या खिशात फोन आहे आणि त्याला आजचं लिटर, फॅट आणि दर त्यावर हवाय. पण त्यासाठी त्याला अ‍ॅप कशाला? व्हॉट्सअ‍ॅपवर किंवा एसएमएसने पावती गेली तरी त्याचं भागतं. (एसएमएससाठी डीएलटीची, म्हणजे धंद्याचे एसएमएस पाठवणाऱ्यांची नोंदणी लागते, तो खटाटोप धरा.) काट्याजवळ अँड्रॉइडचा टॅब ठेवायचा म्हटलात तर एकाच यूएसबीत चार्जर, काटा आणि फॅट मशीन कोंबायची कसरत आहे, आणि प्ले स्टोअरवर अ‍ॅप ठेवलंत तर गूगलच्या वाढत्या अटींनुसार ते नियमित नवं करत राहावं लागतं. वेळ द्यायची तयारी असेल तर करा. पहिल्या वर्षात मी करणार नाही.

मॅकबुकचं थोडक्यात. आयफोनचं अ‍ॅप बनवायचं असेल तर मॅक लागतोच, त्याला इलाज नाही, शिवाय अ‍ॅपलला वर्षाला ९९ डॉलर. तुमच्या साठ सचिवांपैकी आयफोन किती जणांकडे? मॅकबुक मशीन म्हणून उत्तम आहे, माझ्या मुलीकडे आहे. पण त्यावर व्हीबी सिक्स नाही, फॅट मशीनवाल्याने दिलेलं विंडोजचं सेटिंगचं सॉफ्टवेअर नाही. हप्ते मात्र दर महिन्याला आहेत.

तुमच्या स्वतःच्या टेबलावर काय असावं, त्याचं उत्तर यातूनच निघतं. मुख्य मशीन विंडोजचं राहू द्या, कारण फोन करणारा माणूस विंडोजसमोर बसलेला असतो आणि तो जे बघतोय तेच तुम्हालाही दिसायला हवं. त्याच मशीनवर डब्ल्यूएसएल (विंडोजच्या आतच लिनक्स चालवायची सोय) चालू करून लिनक्सचा हात बसवून घ्या. हप्त्यासाठी काढून ठेवलेल्या पैशांतून एक जुना डेस्कटॉप आणा : तिसऱ्या-चौथ्या पिढीचा आय-थ्री, चार जीबी रॅम, आणि मुद्दाम फिरती हार्ड डिस्क. म्हणजे संस्थेतला कॉम्प्युटर. त्यावर एका डिस्कवर विंडोज १० आणि दुसऱ्या डिस्कवर लिनक्स मिंट (लिनक्सचाच एक सोपा अवतार). शेजारी एक काटा, एक पावतीचा प्रिंटर, आणि तुमच्याकडे असलेले सगळ्या जातींचे कन्व्हर्टर. नवं काहीही लिहिलंत की आधी या मशीनवर. आपल्या झकपक लॅपटॉपवर सगळंच पळतं.

मग एक संस्था निवडा. घराजवळची, आणि सचिव तुमच्यावर जीव असलेले. तिथे लिनक्स मिंट बसवा आणि विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवणाऱ्या वाइन नावाच्या प्रोग्राममधून तुमचा जुनाच व्हीबीचा प्रोग्राम चालवून बघा. वाइनमध्ये व्हीबीचे प्रोग्राम बऱ्यापैकी चालतात. पोर्टचं मात्र तुम्हालाच जोडून द्यावं लागेल. चाललं तर त्या संस्थेला नवीन मशीन नको आणि तुम्हाला पुनर्लेखनाला वर्ष-दीड वर्ष मिळालं. नाही चाललं तर एक संस्था आणि एक दुपार गेली. नवं सॉफ्टवेअर तयार झालं की तिथेच जुनं आणि नवं शेजारी शेजारी एक पूर्ण बिल चालवा, दहा दिवस, दोन्ही वेळचं संकलन. बिलं रुपयाला रुपया जुळली तरच पुढची संस्था. हे सगळं पावसाळ्यात किंवा दिवाळीच्या बोनसच्या हिशोबात काढू नका, हे तुम्हाला मी सांगायला नको.

मोठे लोकही इथेच अडकतात. जर्मनीतल्या म्युनिकच्या पालिकेने २००३ मध्ये लिनक्सवर जायचं ठरवलं, सुमारे १५ हजार कॉम्प्युटर नेले, आणि २०१७ मध्ये परत विंडोजवर यायचा ठराव केला. तिकडे केरळच्या सरकारी शाळांत लिनक्स कित्येक वर्षं सुखाने नांदतंय. तिथे पाठ्यपुस्तकं त्यावर बेतली आणि शिक्षकांना आधी शिकवलं. तुमचे शिक्षक म्हणजे सचिव आणि काट्यावरचा पोरगा.

हीच कोंडी वेगवेगळ्या रूपांत इतर पत्रांतही येते, म्हणून दोन ओळी त्यांच्यासाठी. टॅली आणि कर सल्लागाराचं ऑफिस असेल तर विंडोजवर राहा, उगाच प्रयोग नको. डीटीपीवाल्यांचं कोरल ड्रॉ आणि मराठी फॉन्टांची सगळी दुनिया विंडोजवरची, त्यामुळे तेही तिथेच. फक्त नवीन मजकूर युनिकोडमध्ये साठवायला लागा. कॉलेजातल्या मुलामुलींनी जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाकून सहा महिने दुसरं काही न वापरता काढावेत. मोडलं तर मोडलं, त्यांच्या मशीनसमोर कुणी कॅन घेऊन उभं नसतं.

आता ते मागे पडणं. साठ गावांत, दिवसातून दोनदा, सतरा वर्षं चालत आलेलं सॉफ्टवेअर तुमचं आहे. यूट्यूबवरच्या त्या मॅकबुकांवर लिहिलेलं किती काय सतरा वर्षं चालेल, ते मला बघायचंय. तरीही तुमची बोच अगदीच खोटी नाही, असं मला वाटतं. २००८ नंतर तुम्ही नवीन काही शिकला नाहीत हे पत्रातून कळतं, आणि ती बोच लिनक्स बसवून किंवा मॅक घेऊन जाणार नाही. रोज सकाळचं संकलन आटोपल्यावर एक तास सी शार्पला द्या. पहिला प्रोग्राम दरपत्रकाचाच लिहा, कारण तो तुम्हाला झोपेतही येतो. मग नवीन फक्त भाषाच राहील.

भाचा पुढच्या सुट्टीला गावी आला की त्याला पहाटे साडेपाचला उठवून सेंटरवर न्या. रांग सुरू व्हायच्या आधी काट्याचा कन्व्हर्टर एका खाचेतून काढून दुसऱ्या खाचेत लावायला सांगा, आधी विंडोजवर, मग लिनक्सवर. काय झालं ते मला दोघांच्या सहीने कळवा.